ऐब आणि खूबी

जाहिरात धाकट्याने मस्कतहून पाठवली. रात्री साडेदहाला आमच्या तिघा भावंडांच्या ग्रुपवर एक लाल गाडी आली आणि खाली त्याचा एकच प्रश्न, 'ओळखली का?'

ओळखायला वेळ लागला नाही. छप्पर नव्हतं, चाकं रुंद होती, बॉनेटवर काळा पट्टा मारला होता, पण दिव्यांच्या वरच्या त्या भुवया लपत नव्हत्या. ती हेराल्ड होती. आमच्या लहानपणी निमगाव केतकीत आमच्या दारात उभी असायची तीच जात. जाहिरातीत लिहिलं होतं, 'ब्रिटिश क्लासिक स्पोर्ट्स कार, १९६७, कन्व्हर्टिबल, फुल्ली मॉडिफाइड, शोकीनांनीच संपर्क करावा. किंमत ४,२५,०००.' गाडी साताऱ्याला होती.

आमची हेराल्ड अब्बांनी १९८४ साली जुनीच घेतली होती आणि १९९५ साली, आपाच्या लग्नाच्या वर्षी, विकली. त्यानंतर घरात स्कूटर आली, मोटारसायकली आल्या, थोरल्याची जीप आली, पण 'आपली गाडी' म्हटलं की आजही तीच डोळ्यांसमोर येते. ईदला मागच्या सीटवर आम्ही तिघं आणि फुफीची दोन मुलं असे पाच जण कोंबलेले असायचो. आषाढात तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला असली, की अब्बा त्या दिवशी गॅरेज बंद ठेवायचे. दिंडीतल्या कुणाला चक्कर आली, कुणाचे पाय सुजले, तर हेराल्डमधून त्याला दवाखान्यात पोचवायचं, हे त्यांचं ठरलेलं काम होतं.

आम्ही तिघांनी मिळून चार लाख जमवायचे ठरवले. धाकट्याचे दोन, थोरल्याचा एक आणि आपाने भिशीतून उचललेला एक. अब्बांना शहात्तरावं लागलं होतं. अम्मी गेल्यापासून ते गॅरेजकडे फिरकत नव्हते. सकाळी नमाज, मग चहा, मग ओट्यावर बसून रस्ता बघणं. गाडी अंगणात आणून उभी करायची आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची, एवढाच आमचा बेत होता.

बेत फुटला तो आपामुळे. ती म्हणाली, 'गाडीतलं तुम्हाला काय कळतं? साडेचार लाखाला गंज घेऊन याल आणि अब्बा दाराशीच सांगतील, की ही उलटी न्या.' तिचं बरोबर होतं. आम्ही मिस्त्रीची मुलं खरी, पण आमच्यापैकी एकालाही पाना नीट धरता येत नाही. शेवटी फोन अब्बांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर-खाली करत फोटो पाहिले, एक फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, 'दाराची फट बघा. वर अरुंद, खाली रुंद. गाडी कमरेत बसलीय.' मग जरा थांबून म्हणाले, 'कधी जायचं?'

ऑनलाइन गाडी बघणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. साताऱ्याच्या या जाहिरातीआधी धाकट्याने दुसरीच एक गाडी हेरून ठेवली होती. विकणारा म्हणाला, आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, गाडी पार्सलने पाठवतो, फक्त दहा हजारांचं टोकन टाका. ओळखपत्राचा फोटोसुद्धा त्याने पाठवला. धाकटा पाठवणारच होता. अब्बांचं म्हणणं सोपं होतं, 'इसार द्यायचा तो गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून. हाताखाली पत्रा नसेल तर पैसा खिशात राहू द्या.' गाडी बघायला या म्हटल्यावर त्या लष्करी साहेबांचा फोन लागेनासा झाला.

साताऱ्याच्या मुलाने मात्र पहिल्या फोनलाच सांगितलं, 'या, बघा, चहा प्या, नाही पटली तर परत जा.'

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फजर झाल्यावर आम्ही निघालो. थोरला जीप चालवत होता, आपा मागे, अब्बा पुढे आणि धाकटा व्हिडिओ कॉलवर. अब्बांनी एक कापडी पिशवी बरोबर घेतली होती. त्यात टॉर्च, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, एक लांब स्क्रू ड्रायव्हर, रॉकेलची बाटली, फडकी आणि चटईचा तुकडा होता. बारामती मागे पडली, नीरा ओलांडली, फलटण आलं. तोपर्यंत अब्बा गेल्या दोन वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले.

१९६५ साली, सोळा-सतरा वर्षांचे असताना, ते बारामतीच्या एका गॅरेजात कामाला लागले. दादांचा धंदा खाऊच्या पानांचा. आम्ही तांबोळी. गावच्या पानमळ्यांतून पानं घ्यायची, करंड्या भरायच्या आणि बाजाराला लावायच्या. अब्बांना पानांपेक्षा इंजिनाचा वास आवडला. तेव्हा देशात मोटारी मोजून तीन. कलकत्त्याची ॲम्बॅसॅडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. डॉक्टर, वकील, साखर कारखान्यातले साहेब यांच्याकडे हेराल्ड असायची. 'बाकी गाड्यांचं बॉनेट उघडायचं आणि आत वाकायचं. हेराल्डचं अख्खं नाक पुढे पडायचं, मडगार्डसकट. चाकावर बसून काम करायचं. कंबर मोडायची नाही,' अब्बा सांगत होते. 'आणि वळायची कशी! पंचवीस फुटांत पूर्ण गोल. जिथं बैलगाडी वळेना तिथं हेराल्ड वळायची.'

हेराल्ड मुळात इंग्लंडची. कोव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली काढली. तिचं रूप इटलीतल्या तुरिनच्या जिओव्हानी मिशेलोत्ती यांनी आखलं. त्या कंपनीला पूर्ण सांगाडा बनवून देणारा कारखाना हातचा गेला होता. त्यामुळे ठिकठिकाणी तयार केलेले भाग एका वेगळ्या चेसिसवर बोल्टने जोडायचे, अशी तिची रचना केली गेली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सला हे सोयीचं पडलं आणि १९६१ पासून ती आपल्याकडे बनू लागली. तिचीच चेसिस आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार निघाली. म्हणजे स्पोर्ट्स कारशी हेराल्डचं नातं आहे, पण ते चुलत बहिणीचं आहे.

साताऱ्यात गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी होती. मुलगा तिशीचा, नम्र. त्याच्या वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडी त्यांची. त्यांच्या हयातीतच याने हौसेने तिला स्पोर्ट्स केली होती आणि आता घर बांधायला पैसे हवेत म्हणून विकायला काढली होती. आई दारात उभी होती. 'यांचा जीव होता हिच्यात,' एवढंच बोलून ती चहा ठेवायला आत गेली.

गाडी लांबून झकास दिसत होती. आपाने लगेच फोटो काढायला सुरुवात केली. धाकटा फोनमधून ओरडला, 'अब्बा, बसून बघा!' अब्बा बसले नाहीत. त्यांनी चटई अंथरली, टॉर्च घेतला आणि शहात्तराव्या वर्षी गाडीखाली पाठीवर सरकले. आम्ही धावलो, तर आतून आवाज आला, 'पैले नीचे देखना, फिर ऊपर. सब उलटा करते तुम लोगां.'

पुढचा दीड तास आमची शाळाच भरली.

हेराल्डची सगळी ताकद चेसिसमध्ये. तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा आणि त्यांना मधल्या सांगाड्याशी जोडणारे आडवे हात पाणी धरून ठेवतात आणि आतून कुजतात. बाहेरून काळा रंग मारलेला असतो, म्हणून दिसत नाही. अब्बांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून हलका दाब दिला आणि तो दोन ठिकाणी पत्र्यातून आत गेला. तिथून लाल भुगा त्यांच्या छातीवर पडला. 'छप्पर काढलं याचं मला काही नाही,' ते खालूनच म्हणाले. 'ते बोल्टवरच असतं. विलायतेत अशी उघडी हेराल्ड कंपनीच विकायची. पण खालच्या कडा कुजलेल्या असताना वरचं छप्पर काढलं, म्हणजे आजाऱ्याची काठीपण काढून घेतली.' फोटोत दिसलेल्या दाराच्या फटीचा अर्थ आम्हाला आता कळला.

मग लोहचुंबक. ते मडगार्डवर चिकटलं, दारावर चिकटलं, दाराखालच्या पट्टीवर मात्र सुटून खाली पडलं. तिथे पत्रा नव्हता, लांबी भरून वरून रंग दिलेला होता. मागच्या कोपऱ्यावरही तेच.

मग पुढचं चाक. हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनला खाली पितळी ट्रनियन असतात. चाक उभं धरणारा दांडा त्यांच्या आट्यांत फिरतो. अब्बांनी मुलाला विचारलं, 'याला काय घालता?' तो म्हणाला, 'ग्रीस, चाचा. सगळीकडे ग्रीसच.' अब्बांनी मान हलवली. 'याला गिअरचं तेल लागतं, नव्वद नंबरचं. ग्रीस आट्यांत पोचत नाही. कोरडं फिरत राहतं आणि एक दिवस दांडा तुटतो. चाक बाजूला झोपतं, गाडी रस्त्यावर.' चाक वर-खाली हलवल्यावर खटखट ऐकू आली.

रुंद चाकं वळताना आतल्या पत्र्याला घासत होती. मागे आडवा पाटा आणि डोलणारे दोन धुरे असतात. गाडी वेगात वळणावर असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर मागची चाकं पोटाखाली दुमडू बघतात. मूळ गाडीतही हा दोष होता. त्यावर वेगाचं आमिष दाखवलं, तर वळण चुकायला कितीसा वेळ!

आणि शेवटी इंजिन. बॉनेट पुढे पडलं आणि आम्हालाही ओळखू आलं, कारण असलं इंजिन गावातल्या निम्म्या शाळेच्या गाड्यांत असतं. मारुती व्हॅनचं, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. हेराल्डचं मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ९४८ सीसी. म्हणजे 'स्पोर्ट्स' करताना गाडीचं काळीज लहान झालं होतं. मोठा होता तो सायलेन्सरचा आवाज. नाकावर ट्रायम्फचं चिन्ह होतं, पण आत फडक्याने पुसलेल्या पट्टीवर मद्रासच्या कंपनीचं नाव होतं. मुलगा ओशाळून म्हणाला, 'चिन्ह मी ऑनलाइन मागवलं होतं.' अब्बा हसले. 'मद्रासची म्हणायला लाजता कशाला? ती आपल्याच मातीतली.'

कागद बघायला आम्ही ओट्यावर बसलो. आरसी बुक वडिलांच्या नावावर. वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, मगच विकायची. ते झालेलं नव्हतं. जुना तीन अक्षरी नंबर ॲपवर टाकला तर काहीच येईना, कारण जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढलेली नव्हती. रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं आणि कंपनीने दिलेल्या मूळ रूपाच्या विरुद्ध फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशा गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारणार.

अब्बांनी वहीच्या पानावर हिशेब मांडला. चेसिसच्या कडा नव्याने करायला ४०,०००. लांबी काढून पत्रा, डेंटिंग-पेंटिंग ६०,०००. ब्रेक आणि चाकं २५,०००. पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग २०,०००. वायरिंग १५,०००. एकूण १,६०,०००. आणि एवढं करूनही कागद अडलेलेच.

मुलाचा चेहरा पडला. आम्हाला मात्र, खरं सांगायचं तर, आतून बरं वाटत होतं. भाव खाली येणार होता. थोरल्याने डोळ्यांनीच आपाला खुणावलं, दोन लाख.

एवढ्यात अब्बा हात धुवायला शेडच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. थोरला बघायला गेला, तर ते एका ताडपत्रीसमोर उकिडवे बसलेले. ताडपत्रीखाली हेराल्डचं मूळ इंजिन होतं, गिअरबॉक्ससकट. त्यामागे भिंतीला टेकून उभं असलेलं तिचं छप्पर, काचेसकट, आणि एका पोत्यात मूळ चाकं आणि चाकांच्या टोप्या. अब्बांनी रॉकेलच्या फडक्याने ब्लॉक पुसला होता आणि हातातल्या आरसी बुकाशी नंबर ताडून बघत होते. एकेक आकडा. जुळला.

मागून मुलगा आला. 'ते भंगार आहे, चाचा. पुढच्या आठवड्यात भंगारवाला न्यायला येणार आहे. तुम्हाला हवं तर गाडीबरोबर तसंच घेऊन जा.'

हे ऐकून आमच्या काळजाचा ठोका चुकला, कारण त्या भंगाराचा अर्थ आम्हाला माहीत होता. आदल्या महिनाभरात आम्ही तेवढा अभ्यास केला होता. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल, तिच्या चेसिसमध्ये, सांगाड्यात, इंजिनात मोठे फेरफार नसतील, तर ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती नेता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. व्हॅनचं इंजिन घातलेली, छप्पर उडवलेली गाडी त्या नियमात कधीच बसणार नाही. तिचं स्वतःचं इंजिन, स्वतःचं छप्पर, स्वतःची चाकं परत बसवली तर बसण्याची आशा आहे. जो फेरफार मुलाने किंमत वाढवायला केला, त्यानेच किंमत घटली होती, आणि खरी किंमत ताडपत्रीखाली भंगारवाल्याची वाट बघत पडली होती.

आता करायचं एवढंच होतं, की गप्प बसायचं. दोष सगळे खरे, हिशेब खरा, भाव मुलाने स्वतः मान्य केला असता. 'तसंच घेऊन जा' हे त्याचेच शब्द. आम्ही काहीही खोटं बोलणार नव्हतो. थोरला अब्बांच्या कानाशी वाकून म्हणाला, 'अब्बा, कुछ बोलो मत.'

अब्बा उठले, गुडघे चोळले आणि मुलाला म्हणाले, 'बाळा, भंगारवाल्याला फोन कर आणि येऊ नको म्हण.'

मग त्यांनी सगळं सांगितलं. हे इंजिन आरसीवरचंच आहे. हे छप्पर तिचंच आहे. चेसिस दुरुस्त करून हे परत बसवलंस, तर ती वडिलांची गाडी होईल. विकायचीच असली तर तेव्हा वीक, आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त येतील. आज विकायची असली तर हे सामान वेगळं धरून भाव सांग. आई चहाचे कप घेऊन येत होती, ती तशीच थांबून ऐकत राहिली. अब्बांनी दोषांचा कागदही तिच्याच हातात दिला. 'ताई, हे तिचे ऐब आणि हे तिची खूबी. दोन्ही बघून ठरवा.'

मायलेकांनी आत जाऊन थोडा वेळ बोलणं केलं. बाहेर येऊन मुलगा म्हणाला, 'चाचा, राग मानू नका. आत्ता नको वाटतंय विकायला.'

परतीच्या वाटेवर फलटणपर्यंत जीपमध्ये कुणीच बोललं नाही. आम्हाला राग आला होता हे लपवण्यात अर्थ नाही. धाकटा तर फोनवर म्हणाला, 'अब्बा, तुम्ही आमच्या बाजूने गेला होता की त्याच्या?' अब्बांनी उत्तर दिलं नाही. नीरेच्या पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा ते स्वतःहून बोलू लागले.

'आपली हेराल्ड मी पंचाण्णव साली विकली. घेणारा शाळामास्तर होता, टेंभुर्णीकडचा. तिची डावी कड कुजली होती. मी वेल्डिंग मारलं आणि वरून डांबर फासलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.' आपा खाली बघू लागली. 'लग्न झालं. पण झोप लागेना. तुमचे दादा पानांची करंडी भरायचे, तेव्हा म्हणायचे, वरच्या थराला जे पान तेच तळाला असलं पाहिजे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) गोष्ट ते आम्हाला करंडी भरतानाच सांगायचे. तीन महिन्यांनी मी एसटीने टेंभुर्णीला गेलो. तुम्हाला सांगितलं होतं, सामान आणायला जातोय. मास्तरांनी दार उघडलं आणि म्हणाले, मिस्त्री, वेल्डिंग सुटलं होतं, मी करून घेतलं, सातशे रुपये गेले. मी सातशे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी घेतले, चहा दिला, आणि गाडी दाखवायला मात्र नेलं नाही. ते मला अजून लागतं.'

थोरला म्हणाला, 'पण अब्बा, ऐब लपवणं वेगळं. आज तर विकणारा तो होता. त्याच्या मालाची खूबी त्याला सांगणं आपलं काम होतं का?'

'त्याला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं,' अब्बा म्हणाले. 'मास्तरांच्या वेळीही तेच होतं. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी विकणारा की घेणारा, एवढाच फरक.'

आम्ही गावात पोचलो तेव्हा पानाच्या बाजारातले दिवे लागले होते. अब्बा घरी न जाता मधेच उतरले, गॅरेजच्या शटरपाशी गेले आणि किल्ली मागितली.

आज या गोष्टीला चार महिने झाले. गाडी आमच्याकडे आली नाही. चार लाख ज्याचे त्याला परत गेले. आपाने भिशीच्या पैशातून घराला पत्रे टाकले. पण साताऱ्याहून आठवड्यातून दोनदा फोन येतो. मुलाने आधी आरसी आपल्या नावावर करून घेतली. मग व्हॅनचं इंजिन उतरवलं. चेसिसच्या कडांचं काम चालू असताना अब्बा दोनदा एसटीने जाऊन आले, पैसे घेतले नाहीत, भाडं मात्र त्याच्या आईने हट्टाने दिलं. ट्रनियनमध्ये नव्वद नंबरचं तेल घातल्याचा व्हिडिओ त्याने पाठवला, तो अब्बांनी आम्हा तिघांना वेगवेगळा दाखवला. आमच्या गॅरेजचं शटर आता रोज दहाला उघडतं. शेजारचा एक पोरगा शिकायला येतो. त्याला अब्बांनी पहिली गोष्ट कुठली शिकवली असेल, ते वाचकांना सांगायला नको.

जुनी, फेरफार केलेली गाडी घेऊ बघणाऱ्यांना आमचं सांगणं थोडकं आहे. आधी कागद, मग चेसिस, मग इंजिन नंबर, आणि रंग सगळ्यात शेवटी. जाणता मिस्त्री बरोबर न्या. मात्र तो आमच्या अब्बांसारखा असेल, तर गाडी मिळेलच अशी खात्री धरू नका.

परवा संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून मुलगा काहीच बोलला नाही. त्याने फोन इंजिनाजवळ धरला होता. अब्बांनी आवाज मोठा करायला सांगितला, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. ९४८ सीसी, चार सिलिंडर. आम्ही सगळे ओट्यावर गप्प उभे होतो.

'टॅपेट जरा सैल आहेत,' अब्बा म्हणाले. 'गुरुवारी येतो.'